भुतांचे केस कोणी कोरले?

लाकडी ठशांनी छापल्या जाणाऱ्या चित्रांचे जपानी चित्रकार होकुसाई आणि कुनियोशी, ही नावं तुम्हाला ठाऊक आहेत. त्यांच्या भुतांचे केस ज्यांनी कोरले, त्यांच्याविषयी मला आज बोलायचं आहे.

होकुसाईची ओइवा आठवा. १८२५ साली रंगभूमीवर आलेल्या नाटकातली ही छळलेली बायको. चित्रात फाटका कागदी कंदीलच तिचा चेहरा झालाय. आता चेहऱ्याच्या कडेने लोंबणारे केस पाहा. चित्रकाराने पातळ कागदावर रेघ काढली. कागद चेरीच्या फळीवर पालथा चिकटवला. कारागिराने प्रत्येक केसाच्या दोन्ही बाजूंचं लाकूड काढून टाकलं, मधे केसाएवढी धार उभी ठेवली. मूळ चित्र त्यातच संपलं! म्हणजे आपण पाहतो ती रेघ कोरणाऱ्याच्या हातची. चेहरा आणि केस सर्वांत मुरलेल्या कारागिराकडे, कपड्यांवरची नक्षी शिकाऊंकडे.

घरची पुरणपोळी घ्या. एकीनं पुरण वाटलं, दुसरीनं कणीक तिंबली, तिसरी तव्यापाशी भाजत बसली. पाहुणा वाहवा देतो वाढणारीला. पुरणात एक डाळ अख्खी राहिली की पोळी फुटते. इथे एक केस तुटला की चेहरा बिघडतो. आणि तव्यापाशी बसलेली, ती म्हणजे छापणारा.

त्याचं काम कुनियोशीच्या सांगाड्यात दिसतं. १८४४च्या सुमाराचं चित्र. बंडखोर मासाकादोची मुलगी ताकियाशा मंत्राची गुंडाळी वाचतेय आणि फाटका पडदा सारून अवाढव्य सांगाडा आत वाकलाय. मूळ कथेत माणसाएवढे पुष्कळ सांगाडे होते. त्यांचा एकच प्रचंड केला, ही करामत कुनियोशीचीच. पण चित्र तीन सुट्या कागदांचं आहे. प्रत्येक कागदाला रंगागणिक वेगळा ठसा, आणि दर वेळी कागद फळीवरच्या खाचेत अचूक बसवायचा. तिन्हींवरचा काळोख जुळला नाही तर सांगाडा उभाच राहणार नाही. पुन्हा सांगतो, भीती चित्रकाराला सुचली. ती उमटवली कोरणाऱ्याने आणि छापणाऱ्याने. आपण मात्र एकच नाव घेतो. हे बरं नाही.

कुनियोशीचा शिष्य योशितोशी, त्याच्या काही चित्रांच्या कडेला कोरणाऱ्याचं नाव छापलेलं आहे. चित्र हाती आलं की आधी कड पाहा.