तम्मुजचा महिना आणि होळीचा सण



ठाण्यात टेंभी नाक्याजवळचं ‘शाआर हाशामायिम’ हे सिनेगॉग १८७९ सालचं. तिथल्या ज्यू पंचांगात साधारण आषाढाच्या सुमारास एक उपास येतो. जेरुसलेमच्या तटाला शत्रूनं खिंडार पाडलं, त्या दिवसाचा. त्याची तिथी १७ तम्मुज. आज मला बोलायचंय ते या तम्मुजबद्दल, कारण तम्मुज हा बाबिलोनी देव आहे.

सुमेरी लोक त्याला दुमुझी म्हणत. हा मेंढपाळ देव पाताळात जातो, म्हणून बायका त्याच्यासाठी विलाप करत. बायबलात यहेज्केलच्या आठव्या अध्यायात अशा बायका थेट जेरुसलेमच्या मंदिरात, उत्तर दरवाजाशी बसलेल्या दिसतात. संदेष्ट्याच्या लेखी हे घोर पातक. आणि तरीही बाबिलोनच्या बंदिवासातून परतलेल्या यहुद्यांनी महिन्यांची नावं तिथलीच घेतली. तालमूदमध्ये हे उघड नोंदलेलं आहे. जिव, बूल अशी जुनी नावं राजांच्या पहिल्या पुस्तकापुरती उरली. तम्मुज मात्र पंचांगात कायमचा बसला.

कल्याणहून आलेल्या मंडळींसाठी एक गोष्ट जाता जाता सांगतो. सहाव्या शतकात कॉस्मस या व्यापाऱ्यानं ‘कलियाना’ बंदरात इराणहून नेमलेला ख्रिस्ती बिशप असल्याचं लिहून ठेवलं आहे. हे आपलं कल्याणच, असं बहुतेक अभ्यासक मानतात. इराणी चर्चची उपासनेची भाषा सिरियाक, आणि सिरियाक पंचांगातही जुलै म्हणजे तम्मुज.

पण मला सर्वांत विलक्षण वाटतो तो बायबलातल्या ‘अनुवाद’ या पुस्तकाचा सातवा अध्याय. त्याच्या पाचव्या ओवीत आज्ञा आहे: परक्यांच्या वेद्या पाडा, मूर्ती जाळून टाका. पुढे तेराव्या ओवीत आशीर्वाद येतो, की तुझ्या धान्याला, गाईगुरांच्या वासरांना आणि मेंढरांच्या पिल्लांना बरकत येईल. आता मूळ हिब्रू शब्द पाहा. धान्याला ‘दागान’, आणि दागान हा सिरियातला मोठा देव. वासरांसाठी ‘शेगेर’, आणि जॉर्डनमधल्या देर अल्ला इथे १९६७ साली सापडलेल्या गिलाव्यावरच्या लेखात हे दैवताचं नाव म्हणून येतं. मेंढरांच्या पिल्लांसाठी ‘अश्तरोत’, त्यात अश्तार्त देवी सरळ दिसते. धान्यावरून देवाचं नाव पडलं की देवावरून धान्याचं, यावर विद्वानांत वाद आहे. अश्तरोतच्या बाबतीत मात्र आधी देवी, मग पिल्लं, असंच बहुतेकांचं मत. मूर्ती फोडायला सांगणारा अध्याय त्याच दैवतांच्या नावांनी भरभराट मागतो! तोवर शेतकऱ्याच्या तोंडी ते शब्द देवाचे राहिलेच नव्हते, दाण्याचे आणि कोकरांचे झाले होते.

माणसांच्या नावांतही तेच. बायबलातल्या मर्दखय या नावात बाबिलोनचा देव मर्दुक आहे. एस्तेर या नावात इश्तार देवी आहे असं पुष्कळजण मानतात, काहींना तिथे ‘तारा’ या अर्थाचा फारसी शब्द दिसतो. या दोघांनी आपल्या लोकांना वाचवलं, त्याचा सण म्हणजे पुरीम.

आणि या पुरीमला आपल्या कोकणातले मराठी ज्यू, म्हणजे बेने इस्रायल, काय म्हणत? होळीचा सण. पुरीम अदार महिन्याच्या चौदाव्या तिथीला, होळी फाल्गुनी पौर्णिमेला, म्हणून दोन्ही बरेचदा लागून येतात. शेजारच्या अंगणात होळी पेटायची आणि यांच्या घरात एस्तेरचा सण असायचा. जेरुसलेमचं मंदिर पडलं त्या दिवसाचा उपास तो बिरड्याचा रोजा, कारण त्याला वालाचं बिरडं जोडलेलं. सोललेले वाल, केळीचं पान आणि जेरुसलेमचं दुःख, हे सगळं त्या एका नावात आहे. खिरीच्या सणाचा संबंध सुक्कोथ या ज्यू सणाशी जोडतात. सिनेगॉगला तर मशीदच म्हणत. मुंबईच्या मशीद स्टेशनाचं नाव त्यावरूनच पडलं, असं सांगतात. हाईम सॅम्युएल केहिमकरांनी ही नावं आपल्या इतिहासात टिपली. त्यांनी तो १८९७ साली लिहून पुरा केला, छापला गेला १९३७ मध्ये, तेल अवीवला.

ही नावं म्हणजे धर्मात झालेली भेसळ, असं म्हणणाऱ्यांशी माझा ठाम मतभेद आहे. होळी म्हटल्यानं कुणी होलिकेला पूजलं नाही, तम्मुज म्हटल्यानं कुणी दुमुझीला. शनिवार पाळणं, सुंता, खाण्यातले निर्बंध हे या समाजानं शतकानुशतकं सांभाळलं, ते याच मराठी शब्दांत.

१९४८ नंतर यांतली बहुसंख्य कुटुंबं इस्रायलला गेली. ठाण्यात अजून काही आहेत. पेणकर, नवगावकर, चेऊलकर अशी आडनावं तुमच्या शेजारी, वर्गात, कचेरीत असतील. त्यांच्या घरातल्या आजींना सणांची जुनी नावं विचारा, त्या दिवशी काय रांधत तेही विचारा, आणि त्यांची परवानगी घेऊन ते वहीत उतरवून आपल्या ठाण्याच्या मराठी ग्रंथसंग्रहालयात द्या. पुढच्या वर्षीच्या व्याख्यानमालेची वाट पाहू नका.