काळी कॉफी आणि वजनाचा हिशेब
(स्नेहमेळाव्यात केलेले भाषण)



आपण सगळे साठीच्या उंबरठ्यावर आलो. वर्गातला डॉक्टर म्हणून ग्रुपवर मला एक प्रश्न सारखा येतो : काळी कॉफी प्यायली की वजन उतरतं का? गणिताच्या बाई समोरच बसल्या आहेत, तेव्हा हिशेब मांडूनच सांगतो.

दिवसभरात आपल्या मेंदूत अ‍ॅडिनोसिन नावाचं रसायन साठत जातं, त्याने झोप येते. एसटीत रुमाल टाकून जागा धरतात ना, तसं कॅफिन त्याची जागा धरून बसतं. म्हणून तरतरी येते, आणि शरीर थोडी जास्त ऊर्जाही खर्च करतं. म्हणजे ग्रुपवरचे मेसेज अगदीच खोटे नाहीत.

पण थोडी म्हणजे किती? 100 मिलिग्रॅम कॅफिनने, म्हणजे साधारण कपभर फिल्टर कॉफीने, आपण स्वस्थ बसलेलो असतानाचा ऊर्जाखर्च पुढचे अडीच तास 3 ते 4 टक्क्यांनी वाढल्याचं प्रयोगांत दिसलं आहे. हा खर्च दिवसाला 1,400 कॅलरी धरा. अडीच तासांचे झाले साधारण 145. त्याचे 4 टक्के, जेमतेम 6 कॅलरी! आणि चमचाभर साखरेत असतात 20. शिवाय रोजच्या सवयीने हा परिणामही ओसरत जातो.

मग काळ्या कॉफीने काहींचं वजन उतरलं ते कसं? दोन-दोन चमचे साखरेचे चार कप चहा सुटले, की साखरेच्याच 160 कॅलरी रोज वाचतात. दुधाच्या आणि सोबतच्या खारी-बिस्किटांच्या वेगळ्या. श्रेय कॉफीला मिळतं, काम करते ती सुटलेली साखर.

इथवर गंमत होती. मला काळजी वाटते ती ‘चरबी जाळणाऱ्या’ कॅप्सूलची. काहींच्या एकाच मात्रेत 200 मिलिग्रॅम कॅफिन असतं. आपल्यातल्या बऱ्याच जणांना बीपीची गोळी चालू आहे. कॅफिनने रक्तदाब काही तास चढू शकतो, छाती धडधडते. आणि ते लवकर उतरत नाही. संध्याकाळी पाचला घेतलेलं साधारण निम्मं रात्री दहाला अंगात असतं. झोप मोडते, आणि अपुऱ्या झोपेने दुसऱ्या दिवशी भूक वाढते. म्हणजे वजनाचं गाडं उलट्या दिशेला!

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने 2024 च्या मार्गदर्शिकेत दिवसाला 300 मिलिग्रॅमची मर्यादा सांगितली आहे. चहाच्या कपात 30 ते 65 मिलिग्रॅम असतं, त्यावरून आपापले कप मोजा. जेवणाआधी आणि जेवणानंतर तासभर चहा-कॉफी नको, कारण त्यातलं टॅनिन अन्नातलं लोह अंगी लागू देत नाही. मैत्रिणींनो, हे तुमच्यासाठी विशेष.

चहा सोडा असं मी म्हणणार नाही. सोडला तर आपण भेटणार कशावर? साखर निम्मी करा, शेवटचा कप दुपारी घ्या आणि रोज अर्धा तास चाला.

आपल्या हजेरीपटावरची काही नावं आता ‘हजर’ म्हणायला नाहीत. म्हणून एकच विनंती. कॅप्सूल सुरू केलेल्यांनी आज जेवणानंतर मला बाजूला गाठावं, डब्याचा फोटो दाखवावा. फी लागणार नाही आणि ग्रुपवर चर्चाही होणार नाही.