नभोवाणीवरील गुप्तहेर

गुप्तहेर म्हटला, कीं मराठी वाचकास बाबूराव अर्नाळकरांचा झुंजार किंवा काळा पहाड आठवतो. असामान्य साहस आणि शेवटीं दुर्जनांचा पाडाव, हें त्या कथांचें आकर्षण. अमेरिकेंत मात्र विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकांत निराळ्या जातीचा गुप्तहेर उदयास आला. लहानशा कचेरींत बसून, ठराविक मेहनतान्यावर परक्याच्या भानगडी शोधणारा हा माणूस. उकडून घट्ट झालेल्या अंड्यावरून इंग्रजींत त्यास 'हार्ड-बॉइल्ड' म्हणतात.

डॅशिएल हॅमेट हा या परंपरेचा एक आद्य लेखक. पिंकर्टन नांवाच्या खासगी शोधसंस्थेंत त्यानें नोकरी केलेली असल्यामुळें हा धंदा त्यास आंतून ठाऊक होता. १९३० सालीं ग्रंथरूपानें निघालेल्या 'माल्टीज फाल्कन' या कादंबरींत त्याचा नायक सॅम स्पेड, जिच्यावर मन जडलें त्याच स्त्रीस, आपल्या भागीदाराच्या खुनाबद्दल पोलिसांच्या स्वाधीन करतो.

१९४६ सालीं हा स्पेड अमेरिकन नभोवाणीवर आला. हॉवर्ड डफ हा नट त्याची भूमिका करी. स्पेडनें आपली चिटणीस एफी हिला प्रकरणाचा अहवाल सांगावा आणि त्या कथनांतून नाट्य उलगडावें, अशी योजना होती. नभोवाणीस ती फार अनुकूल. येथें पडदा नाहीं, देखावा नाहीं. सारें कानांनीं पाहावयाचें. शहापूरकडील श्रोत्यास कसाऱ्याच्या घाटांतील आगगाडीची शीळ ऐकवली, कीं काळोख वर्णावा लागत नाहीं. मुरबाडकरास माळशेजचा पाऊस पुरे. साक्षीदार उत्तर देतांना क्षणभर थांबला, तर त्या थांबण्यांतच त्याची लबाडी कळते.

परंतु या लेखकाची खरी कसोटी नाटकाबाहेर लागली. हॅमेट ज्या निधीचा विश्वस्त होता, त्यांतून कांहीं साम्यवादी पुढाऱ्यांस जामीन मिळाला होता. त्यांपैकीं काहीजण फरारी झाले. १९५१ सालीं न्यायालयानें निधीस पैसे देणाऱ्यांचीं नांवें विचारलीं. हॅमेटनें तीं सांगितलीं नाहींत. त्यास सहा महिन्यांची शिक्षा झाली. स्पेडची नाट्यमालाही त्याच वर्षीं बंद पडली.

मुरबाड तालुक्यास अशा मौनाचें मोल समजावून सांगावयास नको. सिद्धगडाच्या रानांत भाई कोतवालांचा आझाद दस्ता आश्रयास होता, आणि २ जानेवारी १९४३ रोजीं भाई कोतवाल व हिराजी पाटील तेथेंच गोळ्यांस बळी पडले. त्या दिवसांत कोणाचा ठावठिकाणा तोंडून निघणें म्हणजे त्याच्या जिवाशीं खेळ होता.

गुप्तहेराचें काम इतरांस बोलतें करण्याचें. त्याच्या जनकाचें मोठेपण न बोलण्यांत दिसलें. यांत विसंगती नाहीं. स्पेडनें मेलेल्या भागीदाराचा विश्वास प्रेमाहून मोठा मानला. हॅमेटनें लोकांचा विश्वास आपल्या स्वातंत्र्याहून मोठा मानला. मराठींत असें नाट्य लिहूं इच्छिणाऱ्यानें तिकडचे पिस्तुलाचे बार उसने आणूं नयेत. शहापूरच्या बाजारांतला, चार पैशांची गरज असलेला आणि तरीही विकला न जाणारा एक माणूस उभा करावा. श्रोते त्याचा आवाज ओळखतील.