जुन्या बाजारांतील ग्रंथधन

घराची वांटणी झाली, वाडा पाडून त्या जागीं नवी इमारत उठली, किंवा घरांतील वाचता माणूस निवर्तला, म्हणजे माळ्यावरची ट्रंक खालीं उतरते. तिच्यांत काय आहे हें पाहण्यास कोणास सवड नसते. रद्दीवाला तराजू घेऊन दारांत उभा असतो, आणि दीडशें वर्षांपूर्वींचा ग्रंथ व कालचें वर्तमानपत्र हीं दोन्ही एकाच पारड्यांत पडतात. तराजूला वजन कळतें, वय कळत नाहीं. जुना बाजार भरतो तो अशा घरांतून.

येथून त्या ग्रंथापुढें दोनच वाटा असतात. एक कागदाच्या गिरणीकडे जाते, दुसरी जुन्या पुस्तकांच्या विक्रेत्याकडे. दुसऱ्या वाटेस लागलेलें पुस्तक मुंबईंत फ्लोरा फाउंटनजवळच्या पदपथावर, भेंडी बाजाराशेजारच्या चोर बाजारांत, किंवा पुण्यास बुधवारीं व रविवारीं भरत आलेल्या जुन्या बाजारांत येऊन पडतें. चोर बाजार या नांवानें नवखा माणूस बिचकतो. पण मूळ नांव ‘शोर बाजार’, म्हणजे गलबल्याचा बाजार, असें सांगण्याची वहिवाट आहे. व्युत्पत्ति कांहींही असो, घड्याळें, झुंबरें आणि ग्रामोफोनच्या तबकड्या यांच्या गर्दींत एखादी पोथी तेथें शांतपणें पडलेली असते.

या बाजारांत येणारे ग्राहक दोन प्रकारचे. पहिला गरजू वाचक. नवें पुस्तक त्याच्या ऐपतीबाहेरचें असतें, म्हणून तो जुनें घेतो. डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९१३ ते १९१६ या काळांत न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठांत शिकत होते. हातीं पैसा बेताचा. तरीही पोटाला चिमटा घेऊन त्यांनीं तेथील जुन्या पुस्तकांच्या दुकानांतून सुमारें २००० ग्रंथ जमविले, असें त्यांचे चरित्रकार सांगतात. जुना बाजार नसता, तर त्या विद्यार्थ्याची ज्ञानाची भूक भागती ना.

दुसरा ग्राहक शोधक. त्यास स्वस्त नको, दुर्मिळ हवें. या शोधाला केवळ हौस म्हणून हंसून सोडून देणें योग्य नव्हे. कारण मराठी ग्रंथांच्या वांट्यास आलेला नाश मोठा आहे. फादर स्टीफन्स यांचें ‘क्रिस्तपुराण’ हें मराठी काव्य १६१६ सालीं गोमंतकांत रोमन लिपींत छापलें गेलें, आणि त्याच शतकांत त्याच्या आणखी दोन आवृत्त्या निघाल्या. या तिन्ही आवृत्त्यांची एकही छापील प्रत आजवर हातीं लागलेली नाहीं. तें काव्य टिकलें तें हस्तलिखितांच्या आधारानें. छापलें म्हणजे टिकलें, हा भ्रम या एका उदाहरणानें दूर व्हावा.

पुढें १८०५ सालीं विल्यम कॅरी यांचें मराठी व्याकरण बंगालमधील श्रीरामपुरास निघालें, आणि १८३१ सालीं मुंबईंत गणपत कृष्णाजी यांनीं शिळाछापावर पंचांग काढलें. अशा आरंभींच्या पुस्तकांस ‘दोलामुद्रितें’ म्हणतात. दोला म्हणजे पाळणा. मुद्रणकला पाळण्यांत असतां छापलेलीं तीं दोलामुद्रितें. मराठींत त्यांची मर्यादा १८६७ पर्यंत धरतात, कारण त्या वर्षींच्या कायद्यानें छापील पुस्तकाची नोंद करणें व प्रत सरकारांत देणें बंधनकारक झालें. त्याआधीं निघालेल्या पुस्तकाची जपणूक केवळ दैवावर होती. म्हणून पदपथावर सांपडलेलें १८५० च्या सुमाराचें एखादें फाटकें पुस्तक ही कदाचित् जगांतील शेवटची प्रत असूं शकते.

परंतु शेवटची प्रत ओळखावी कशी? येथें दैवाहून अभ्यास उपयोगी पडतो. प्रथम मुखपृष्ठावरील किंवा ग्रंथाच्या अखेरीचा शक पाहावा. शकांत ७८ मिळविले असतां इसवी सन येतो. वर्षाच्या अखेरच्या महिन्यांत ७९ मिळवावे लागतात. नंतर कागद पाहावा. चिंध्यांच्या लगद्याचा जुना कागद दीडशें वर्षांनंतरही पुष्कळदां मऊ व चिवट राहतो. उलट पुढच्या काळांतील लाकडाच्या लगद्याचा स्वस्त कागद पिवळा पडतो आणि घडीवर तुटतो. त्यामुळें दिसण्यांत जीर्ण तें अधिक जुनें, हा समज अनेकदां फसवा ठरतो. शेवटीं सूची पाहावी. शंकर गणेश दाते यांनीं १८०० ते १९३७ या काळांतील मराठी पुस्तकांची जी सूची सिद्ध केली, ती शोधकाचा खरा दिवा होय. तींत नसलेलें त्या काळांतील पुस्तक हातीं आलें, तर तो दिवस त्यानें सणाचा मानावा.

चित्रांच्या बाबतींतही हाच न्याय. राजा रविवर्मा यांचा छापखाना १८९४ सालीं निघाला, आणि तेथील देवादिकांचीं रंगीत शिळाछापचित्रें घरोघर गेलीं. आतां त्यांच्या नव्या नकला जुन्या चौकटींत बसवून विकल्या जातात. भिंगाखालीं धरतांच भेद उघड होतो: अस्सल शिळाछापांत रंगाचे कण अनियमित विखुरलेले असतात, अर्वाचीन छपाईंत ठिपक्यांची रांगोळी नेमकी व एकसारखी दिसते.

ओळख पटली, तरी शोधकाचें काम अर्धेंच झालें. वस्तु कोठून आली, कोणाच्या घरची, कोणत्या गठ्ठ्यांतील, ही हकीकत तिच्यापासून तुटली, तर तिचें अर्धें मोल गेलें. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे गांवोगांव हिंडले, माळ्यांवरचीं दप्तरें त्यांनीं उघडलीं, आणि १८९८ पासून ‘मराठ्यांच्या इतिहासाचीं साधनें’ या मालेचे २२ खंड सिद्ध केले. जो कागद दुसऱ्याच्या लेखीं कसरीचें खाद्य होता, तो त्यांच्या हातीं पुरावा झाला. पुण्याचे दिनकर गंगाधर केळकर यांनीं अडकित्ते, दिवे, दौती अशा घरगुती वस्तु आयुष्यभर जमविल्या. अकालीं गेलेल्या आपल्या मुलाचें, राजाचें, नांव त्यांनीं त्या संग्रहास दिलें, आणि सुमारें २०,००० वस्तूंचा तो संग्रह १९७५ सालीं महाराष्ट्र शासनाच्या स्वाधीन केला. संग्रह आणि सांठेबाजी यांत भेद हाच, कीं एकाचें दार इतरांस उघडतें.

म्हणून शोधकास कांहीं पथ्यें आहेत. पूर्वींच्या धन्याची सही, समासांतील टिपणें, ग्रंथालयाचा शिक्का, हीं खोडूं नयेत. तीच त्या प्रतीची वंशावळ. पुस्तक कोठें व केव्हां मिळालें, तें वेगळ्या चिठ्ठीवर लिहून आंत ठेवावें. ग्रंथांतून कापून काढलेलीं चित्रें व नकाशे सुटे विकावयास येतात. ते घेणारा ग्रंथाच्या हत्येची किंमत चुकवीत असतो. एखाद्या संस्थेचा शिक्का असलेला ग्रंथ स्वस्तांत मिळाला, तर त्या संस्थेनें तो रीतसर काढून टाकला होता काय, हें आधीं विचारावें. शिवाय १९७२ च्या कायद्यानें १०० वर्षांहून जुनी कलावस्तु आणि ७५ वर्षांहून जुनें महत्त्वाचें हस्तलिखित पुरावस्तु ठरतें. खाजगी माणसास तें देशाबाहेर धाडतां येत नाहीं.

राहतां राहिला विक्रेता. शोधकास मोल ठाऊक असतें, विक्रेत्यास कित्येकदां नसतें. या अज्ञानाचा फायदा घेऊन कवडीमोलानें रत्न उचलल्याच्या गोष्टी मोठ्या अभिमानानें सांगितल्या जातात. पण गिरणीच्या तोंडून तें पुस्तक वांचविलें कोणी? उन्हांत पदपथावर बसणाऱ्या त्या माणसानेंच. त्यास वाजवी दाम द्यावें, आणि हें पुस्तक मोलाचें कां, हेंही सांगावें. तसलें दुसरें पुस्तक हातीं येतांच तो तें बाजूस काढून ठेवील; एका चतुर सौद्यापेक्षां हा लाभ मोठा.

मात्र सर्वांत मोठा शोध बाजारांत नव्हे, घरींच लागावयाचा असतो. सुशिक्षित कुटुंबानें रद्दीवाल्यास हांक मारण्यापूर्वीं एक दुपार ट्रंकेस द्यावी. मुखपृष्ठें वाचावीं, शक पाहावे, मोडी कागदांचे रुमाल सोडून जाणत्यास दाखवावे, आणि जें आपणांस नको तें एखाद्या ग्रंथसंग्रहालयास आधीं विचारावें. मग उरलेलें खुशाल तराजूंत घालावें.