रात्रीं साडेअकराचे यजमान

घरीं पाहुणा आला असतां यजमानानें किती बोलावें, हा प्रश्न जुनाच आहे. यजमान स्वतःच बोलत सुटला तर पाहुणा कंटाळतो. तो मुळींच बोलला नाहीं तर पाहुणा अवघडून बसतो. या दोहोंमधली वाट सांपडणें ही एक कला आहे. ती कला जवळजवळ तीस वर्षें, तीही लक्षावधि लोकांच्या देखत, ज्यांनीं आपला व्यवसाय म्हणून केली, अशा एका गृहस्थांविषयीं आज चार शब्द सांगावयाचे आहेत. त्यांचें नांव जॉनी कार्सन.

अमेरिकेंत रात्रीं साडेअकराच्या सुमारास, बातम्या आटोपल्यावर, दूरचित्रवाणीवर 'टुनाइट शो' हा गप्पांचा कार्यक्रम लागत असे. १ ऑक्टोबर १९६२ रोजीं कार्सन यांनीं तो हातीं घेतला आणि २२ मे १९९२ रोजीं सोडला. तेवढ्या अवधींत केनेडींपासून बुशपर्यंत सात अध्यक्ष झाले. दिवे मालवण्यापूर्वीं घरोघर दिसणारा हा चेहरा मात्र तोच राहिला.

कार्सन यांचा जन्म १९२५ सालचा, आयोवा संस्थानांतला. बालपण नेब्रास्कांतील नॉरफोक या लहानशा गांवीं गेलें. चौदाव्या वर्षीं ते 'द ग्रेट कार्सोनी' हें भारदस्त नांव धारण करून जादूचे प्रयोग करूं लागले. लाजाळू मुलाला चारचौघांत उभें राहावयाचें तर हातांत पत्ते असलेले बरे! महायुद्धांत त्यांनीं आरमारांत नोकरी केली आणि १९४९ सालीं नेब्रास्का विद्यापीठाची पदवी घेतली. त्या पदवीसाठीं त्यांनीं निवडलेला विषय आपणां नभोवाणीच्या श्रोत्यांना जवळचा वाटेल : नभोवाणीसाठीं विनोद कसा लिहावा! नामांकित विनोदकारांचे उतारे ध्वनिफितीवर घेऊन त्यांनीं हा प्रबंध सादर केला. त्यांचे आदर्श होते जॅक बेनी. आणि बेनी यांची खरी करामत शब्दांत नव्हती, तर शब्दापूर्वींच्या विरामांत होती.

पुढचा मार्ग सरळ नव्हता. रेड स्केल्टन या विनोदी नटासाठीं ते लेखन करीत असतां १९५४ सालीं तालमींत त्या नटास दुखापत झाली, आणि ऐन वेळीं कार्सन यांना त्याच्या जागीं उभें राहावें लागलें. त्यांतून १९५५ मध्यें स्वतःच्या नांवाचा कार्यक्रम मिळाला. तो पुढच्याच सालीं बंद पडला. मग १९५७ पासून पांच वर्षें ते प्रश्नोत्तरांच्या एका कार्यक्रमांत सामान्य स्त्रीपुरुषांना बोलतें करीत होते. मला वाटतें, त्यांची खरी शाळा हीच.

हरदास जसा आधीं पूर्वरंग रंगवितो, तसें कार्सन प्रथम उभे राहून दिवसाच्या घडामोडींवर कांहीं मिनिटें विनोदी भाषण करीत. एखादा विनोद पडला, तर ते तो झांकून नेत नसत. क्षणभर थांबत, श्रोत्यांकडे बिचाऱ्या मुद्रेनें पाहत, आणि पडलेल्या विनोदावरच मोठा हंशा पिके. नंतर ते मेजामागें बसत आणि पाहुणे येत. येथून पुढें त्यांचें काम म्हणजे ऐकणें. नवखा विनोदकार आपला प्रवेश संपवून उभा असतां कार्सन यांनीं त्याला शेजारच्या आसनाकडे नुसतें खुणेनें बोलाविलें, कीं त्याच्या भाग्याचें दार उघडलें असें मानीत. १९८६ सालीं एलेन डीजेनेरस या तरुण स्त्रीला पहिल्याच प्रयोगांत तो मान मिळाला.

पण या मौनाला धारही होती. १९७३ सालीं मनःसामर्थ्यानें चमचे वांकविण्याचा दावा करणारे युरी गेलर कार्यक्रमास आले. कार्सन पूर्वाश्रमींचे जादूगार! जेम्स रँडी या जादूगाराच्या सल्ल्यानें त्यांनीं वस्तू आपल्याच मांडून ठेवल्या होत्या. मग ते वाद न घालतां, सौजन्यानें, वाट पाहत बसले. बराच वेळ गेला. कांहींच घडलें नाहीं.

असा माणूस घरींही रसिक, मनमोकळा असेल, असें आपणांस वाटेल. तसें नव्हतें. मेजवान्यांत ते संकोचून जात. त्यांचे चार विवाह झाले, त्यांपैकीं तीन मोडले. आणि रुसवा धरला तर तो कायमचा. जोन रिव्हर्स यांना १९६५ सालीं प्रसिद्धि मिळाली ती त्यांच्याच कार्यक्रमांतून. पण १९८६ मध्यें त्यांनीं स्पर्धक वाहिनीवर कार्यक्रम पत्करल्यावर कार्सन पुन्हां त्यांच्याशीं बोलले नाहींत. मौन हें त्यांचें भांडवल होतें, तसें शस्त्रही होतें.

त्या मौनाची कसोटी १९९१ सालीं लागली. त्यांचा मधला मुलगा रिचर्ड, वय एकूणचाळीस, छायाचित्रें घेण्यासाठीं गेला असतां मोटार कोसळून मरण पावला. कांहीं आठवड्यांनीं कार्सन कामावर परतले. नेहमींप्रमाणें विनोद झाले, पाहुणे झाले. अगदीं शेवटीं त्यांनीं मुलाविषयीं थोडें बोलून त्यानें घेतलेलीं निसर्गाचीं छायाचित्रें प्रेक्षकांना दाखविलीं. पाहुण्याला पुढें करून स्वतः मागें सरण्याची सवय त्यांनीं तेथेंही सोडली नाहीं.

पुढच्या वर्षीं शेवटचा प्रयोग झाला. त्या रात्रीं पाहुणा कोणीच नव्हता. सुमारें पांच कोटि लोकांनीं तो पाहिला. नंतर कार्सन जवळजवळ दिसेनासे झाले, आणि २३ जानेवारी २००५ रोजीं फुप्फुसांच्या विकारानें वारले. आठच दिवसांनीं डेव्हिड लेटरमन या त्यांच्या चाहत्या सूत्रधारानें आपल्या कार्यक्रमाचें विनोदी भाषण नेहमींप्रमाणें केलें, आणि मग सांगितलें, कीं आजचे सर्व विनोद कार्सन यांचेच. निवृत्तीनंतर ते अधूनमधून लिहून पाठवीत असत. लोक हंसत होते, तेव्हां ते कोणाच्या विनोदाला हंसत आहेत, हें त्यांना ठाऊकही नव्हतें.