फिलेमोनाचे पत्र : चारचौघांत वाचताना



आजचा विषय जेमतेम एका पानाचा आहे. संत पौलाने फिलेमोनाला लिहिलेले पत्र म्हणजे अवघी 25 वचने. एकट्याने मनातल्या मनात वाचले तर ते पाच मिनिटांत संपते, आणि हाती फारसे काही लागत नाही.

हकीकत एवढीच : पौल कैदेत असताना फिलेमोनाचा दास अनेसिम त्याला भेटला व ख्रिस्ती झाला. पौल त्याला आता धन्याकडे परत पाठवीत आहे. तो पळाला होता असे परंपरा मानते. पत्रात मात्र तसा शब्द नाही. अनेसिम म्हणजे उपयोगी, आणि पौलाने या नावावर कोटीही केली आहे.

आता मायना पाहा. पत्र फिलेमोनाला, पण मायन्यात अप्फिया आहे, अर्खिप्प आहे, आणि त्या घरी जमणारी सारी मंडळी आहे. ते सर्वांसमक्ष वाचले जावे हीच योजना! म्हणून अभ्यासमंडळात प्रथम एकाने ते सलग मोठ्याने वाचावे, इतरांनी पुस्तके मिटून ऐकावे. दुसऱ्या वाचनात ‘तू’ कोठे आणि ‘तुम्ही’ कोठे, हे टिपावे. मूळ ग्रीकात आरंभीचा व अखेरचा आशीर्वाद आणि पौलासाठी होणाऱ्या प्रार्थनांचा उल्लेख, एवढ्याच ठिकाणी अनेकवचन आहे. आजच्या इंग्रजीत हा भेद बुजतो. मराठीत तो राहू शकतो. मात्र आपले ‘तुम्ही’ आदरार्थीही असते, तेव्हा सावध असावे. विनंती एकट्याला, साक्षीला सगळे घर! अनेसिमचे देणे पौल स्वहस्ते आपल्या नावे लिहून घेतो, लगेच फिलेमोनाला त्याच्या स्वतःच्या ऋणाची आठवण देतो, आणि आपल्यासाठी उतरण्याची सोय करून ठेवायलाही सांगतो. हे प्रेम की पेच? मंडळात तट पडतील, पडू द्यावेत. माझ्या मते दोन्ही.

खरी अडचण पुढे आहे. त्याला बंधू मानून घे असे पौल म्हणतो, पण दास्यातून मुक्त कर असे स्पष्ट म्हणत नाही. अमेरिकेत गुलामगिरीच्या कैवाऱ्यांनी हेच पत्र आपल्या बाजूने पुढे केले. 1833 साली जॉर्जियात चार्ल्स कोलकॉक जोन्स या धर्मोपदेशकाने गुलामांच्या मोठ्या सभेपुढे या पत्रावर प्रवचन केले आणि पळून जाण्याचा निषेध केला. निम्मे श्रोते सरळ उठून चालते झाले. बायबलात असले पत्रच नाही, असे काहींनी बजावले. हे सारे जोन्सनेच नमूद करून ठेवले आहे. निरक्षर म्हणून ज्यांना हिणवले गेले, त्यांनी त्या पत्रातली गोम बरोबर हेरली होती.

म्हणून तिसरे वाचन अनेसिमच्या जागी उभे राहून करावे. हे पत्र बहुधा त्याच्याच बरोबर आले. वाचन चालू असेल तेव्हा तो त्याच घरात, कदाचित त्याच दालनात असेल. साऱ्या पत्रात त्याच्या तोंडी एक शब्दही नाही. दुसऱ्या शतकाच्या आरंभी इग्नाटियसच्या पत्रात इफिसच्या बिशपाचे नाव अनेसिम असे येते. तो हाच, असे काहींना वाटते. पण हे नाव दासांत सर्रास असे. एवढ्यावरून काही सिद्ध होत नाही.