देवमासा आणि गिरडचे दगड



आमच्या वर्धा जिल्ह्याला समुद्र नाही. तरी देवमाशाची गोष्ट मी इथल्या दगडापासूनच सुरू करणार आहे. लहानपणी गिरडच्या टेकडीवर शेख फरीद बाबांच्या दर्ग्याला गेलो, की आम्ही पोरं तिथले सुपारीएवढे गोल दगड खिशात भरत असू. थट्टा करणाऱ्या व्यापाऱ्यांचा माल बाबांनी दगड करून टाकला, असं आजी सांगायची. पुढे कळलं, की हे काळ्या पाषाणात तयार झालेले खनिजांचे गोळे आहेत.

हा काळा पाषाण म्हणजे सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा लाव्हा. तेव्हा भारत एक बेट होता आणि उत्तरेकडे सरकत होता. वाटेत टेथिस समुद्र होता. भारत आशियाला भिडू लागला तसा तो आक्रसला, काठाशी उथळ, कोमट पाणी राहिलं. देवमाशाचे पूर्वज जमिनीवरून उतरले ते याच पाण्यात. नावात मासा असला तरी तो पिलांना दूध पाजतो, हे विसरू नका.

याचा एक पुरावा जम्मूतल्या कालाकोटला मिळाला. भूशास्त्रज्ञ ए. रंगा राव यांनी तिथले जीवाश्म गोळा केले आणि १९७१ साली एका प्राण्याला ‘इंडोहायस’ नाव दिलं. बरेच दगड मात्र न फोडताच राहिले. त्यांच्या निधनानंतर पत्नीने ते संशोधक हान्स थेविसन यांना दिले. साफ करताना एक कवटी चुकून फुटली आणि आत दिसलं कानाचं जाड हाड, हुबेहूब देवमाशासारखं! २००७ साली जगाला कळलं, की मांजराएवढा हा खुरांचा प्राणी देवमाशाचा जवळचा नातलग. पायांची हाडं जड. म्हणजे तो पाण्यात तळाला पाय टेकून चालत असावा.

पुढे, सुमारे ३.४ कोटी वर्षांपूर्वी, अंटार्क्टिका गारठला. थंड समुद्रात तळाची पोषक द्रव्यं वर येऊ लागली, बारीक जीव मुबलक झाले. काही देवमाशांचे दात जाऊन तोंडात गाळणी आली. गेल्या सुमारे तीस लाख वर्षांत, हिमयुगांच्या काळात, त्यांतले काही प्रचंड वाढले. आजचा निळा देवमासा एसटीच्या अडीच गाड्यांएवढा लांब भरतो.

समुद्र बदलला तसा देवमासा बदलला. पण त्याला पाच कोटी वर्षं मिळाली. आपण समुद्र तापवतो आहोत तो दीड-दोनशे वर्षांत. एवढ्यात कोण बदलेल?

शेवटी एक विनंती. विहीर खणताना शंखासारखा, हाडासारखा दगड निघाला, तर फेकू नका. जवळच्या कॉलेजात भूशास्त्राच्या सरांना दाखवा. रंगा राव यांच्या घरचे दगड फेकले गेले असते, तर ही गोष्ट अर्धीच राहिली असती.